टेकडीवर उफणलेले मीठ

माळेवस्ती, तालुका कर्जत, जिल्हा नगर
फेब्रुवारी १९७३

रा. रा. जावईबापू कानिफनाथराव यांस भिमाजीचा रामराम.

उत्तराला फार उशीर झाला, त्याची आधी माफी असावी. पत्र आले त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण तुम्ही प्रश्नच असा विचारलात की दौत उघडी राहिली आणि शाई वाळून गेली. आम्ही सर्व खुशाल आहोत. केशर माहेरी आल्यापासून दोन घास जास्त जेवते. तुमची प्रकृती कशी आहे? त्या बर्फाच्या समुद्रात कान झाकता का? (हे छबूबाई विचारते. वेधशाळेने ढग तपासायला एवढ्या लांब धाडले, पण कानटोपी दिली नसणार, अशी तुमच्या सासूची खात्री आहे.) बोटीचा तळ लाकडी आहे की लोखंडी, तेही कळवावे. मला झोप लागत नाही.

आणखी एक वर्ष तिकडेच राहू का, मामा सांगतील तसे करीन, असे तुम्ही लिहिलेत. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने पृथ्वीच्या टोकाबद्दल हुकूम द्यायचा म्हणजे अवघडच. तिथे असे काय आहे ते तरी समजावे, म्हणून पत्र पुन्हा पुन्हा वाचले. लाट फुटली की फेस होतो, फेसातले बुडबुडे फुटले की डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात, त्यांतले पाणी हवेतच वाळते आणि मिठाचा कण उरतो; वारा तो वर नेतो, वाफ त्याच्यावर बसते आणि अशा थेंबांचा ढग होतो. वाफेला आपणहून थेंब होणे जमत नाही, तिलाही बसायला पाट लागतो, हे वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला. सारा जन्म आभाळाकडे बघण्यात गेला, पण ढगाच्या पोटात मीठ असेल असे कधी मनात आले नाही. (समुद्रातल्या बारीक जिवांचा चुराही वर जातो आणि त्यावर बर्फ धरत असावा, असा काही विद्वानांचा कयास आहे म्हणता. मेलेला जीव वर जाऊन ढग होतो, हे मी छबूबाईला अजून सांगितलेले नाही.) आणि तिकडच्या हवेत धूळ नाही, धूर नाही, म्हणून समुद्राच्या मिठावाचून ढगाचे फार अडते! जावईबापू, धूळ नसलेला मुलूख! इथे कर्जतची एसटी गेली की पुढची बैलजोडी दिसत नाही आणि भाकरी झटकून खावी लागते.

एवढे मोठे नवल एकट्याच्या पोटात राहीना. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मंडळींना जेवणाच्या सुट्टीत पत्र वाचून दाखवले, तिथे घोटाळा झाला. आमचे सरपंच आप्पासाहेब म्हणाले, “अण्णा, समुद्र मीठ उडवतो, मंग आपल्याला कुनी धरलंय?” झाले. घरोघरच्या जाड्या मिठाची जात्यावर पिठी झाली. वर उडवायचे कसे? तर खळ्यावर धान्य उफणतो तसे, असे सर्वांचे मत पडले. उफणताना उभे राहायची तिपाई, म्हणजे आमची वावडी, टेकडीच्या माथ्यावर नेली आणि जावई माझा म्हणून सूप माझ्याच हातात दिले. (वावडी डुगडुगत होती. मी तसे बोललोही, पण ऐकतो कोण.) छबूबाईने आधी मूठभर मीठ आभाळावरून ओवाळले, आभाळाला दृष्ट लागली असेल तर तीही जावी, असा तिचा हिशेब.

सुरुवातीला वाऱ्याने मीठ असे उचलले की पांढरी रेघ वर चढत गेली. खोटे कशाला सांगू, मी ढग धरला असेच समजलो. इतक्यात वारा फिरला आणि सगळे मीठ आमच्याच डोळ्यांत आले. सगळी वस्ती डोळे चोळत रडायला लागली. खालून राहीबाई शेळ्या घेऊन येत होती. तिने हंबरडाच फोडला, “अगं बया, कोन गेलं वो?” आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले, “ढग गेला!” मग राहीबाईच्या शेळ्यांनी आमचे हात, धोतरे, एवढेच काय माझ्या मिशादेखील चाटून साफ केल्या. त्यांना जी तहान लागली, ती टँकरने भरलेला हौद निम्मा करूनच भागली. तेव्हापासून गाव मला ढगाचा सासरा म्हणते, आणि बायका हौदावर माझ्याशी बोलत नाहीत.

घरी येऊन पत्र पुन्हा उघडले. आधी वाफ हवी, मग कण, असे तुम्ही स्वच्छ लिहिले होते. मीच घाईत ओलांडून गेलो. आमच्या हवेत धुळीचे बियाणे उदंड आहे, पण पेरायला लागते ती ओल, तो वाफसाच नाही. राग यायला हवा होता, पण आला नाही. अंगणात बसून कोरडे आभाळ बघत राहिलो. कुठे माणूस नाही, पेरा नाही, तरी तो समुद्र मूठ मूठ मीठ वर धाडतोच आहे, कोणी सांगितले नसताना. असे काम बघायला मिळणे सगळ्यांच्या नशिबी नसते. म्हणून माझा निर्णय असा की, खुशाल राहा. केशरची काळजी करू नये.

आपला,
भिमाजी

ता. क. : वरील मजकूर, कंसातले तेवढे गाळून, छबूबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “नवरा कुनाचा? तुमचा का तिचा? पोरीला इचारलं का कुनी?” विचारले नव्हते. तुम्हीही नाही, मीही नाही.

दुसरा ता. क. : केशरला विचारले. ती धुणे पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, “मी समुद्र पाह्यला न्हाई, आबा. आधी त्यांनी येऊन मला दाखवावा. तो बघीन, मंग सांगीन, जा का ऱ्हा.” तेव्हा वर दिलेली परवानगी रद्द समजावी.

तिसरा ता. क. (हा एकट्याने वाचावा) : तिला समुद्र दाखवायला न्याल तेव्हा एसटीत एक जागा माझ्यासाठीही धरा. मीही पाहिलेला नाही. मी काही बोलणार नाही, कडेला उभा राहीन. कधी येता ते लगेच कळवा. दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे, पण लवकर लिहा.