उघड्याबोडक्या डोंगराचे तेवीस पंचनामे

३ जानेवारी १९६६
पाड्यावरच्या मंगळीला धावडीच्या डोंगरावर पकडलं. राखीव जंगलातून वाळक्या लाकडांची मोळी! पंचनामा लिहिला — ‘मोळी सागाखालून उचलली’. अंगठा घेतला, नक्कल दिली. “मेलेलं लाकूड हाय, सायेब,” म्हणाली. मेलेलं असो नाहीतर जितं, राखीव ते राखीव! मी फॉरेस्टचा गार्ड आहे, भटजी नाही.

१९ जानेवारी
रेंजरसाहेब आले. कोंबडी कापली. तारापूरच्या बांधकामाला खडी पाहिजे, म्हणून चंद्रभान कंत्राटदाराला धावडीचा डोंगर पाहिजे.
“राखीव आहे साहेब —”
“झाडंच नसली तर राखायचं काय?”
“झाडं आहेत की!”
“रिपोर्टात आहेत का?”
मग माझ्या बढतीचा विषय निघाला. लिहिलं — ‘डोंगर उघडाबोडका. एकही झाड नाही.’ एवढं जंगल एका बैठकीत साफ केलं, हाताला फोडसुद्धा नाही!

२ फेब्रुवारी
सुरुंगाची भोकं पाडायला माणसं आली. अख्खा पाडा वाटेत आडवा बसला. म्हातारा जिवल्या मला म्हणाला, “वर वाघोबा देव हाय. झरा हाय. आमाला काटकी उचलू देत नाय, न् त्यांना डोंगर उचलू देता?”
म्हटलं, अर्ज करा!

२० फेब्रुवारी
केला की! मास्तरांकडून लिहून घेतला. ठाण्याहून मोठे साहेब चौकशीला येणार. रेंजर हसतात — “या लोकांकडे कागद कुठला?”

५ मार्च
जिवल्यानं साहेबांपुढे बांबूचं नळकांडं उलटं केलं. माझे पंचनामे! सरकारी कागद हरवला तर दुसरा गुन्हा, असा दम मीच भरला होता. बिचाऱ्यांनी खरं मानलं. सहा वर्षांच्या नकला छपरात खोचून जपल्या — तेवीस! साग, ऐन, खैर... सगळं माझ्याच वळणदार अक्षरात.
“आमाला वाचता येत नाय. पर झाडं हायेत ना त्यात?”
मोठ्या साहेबांनी एका हातात पंचनामे धरले, दुसऱ्यात माझा रिपोर्ट. “यातलं खरं कुठलं?”
रेंजर डोळे वटारत होते. मला मात्र मंगळीचा तो अंगठा दिसत होता. फार लाज वाटली.
“पंचनामे,” म्हणालो.

७ मार्च
सुरुंग बंद. मी सस्पेंड.
सकाळी दारात मंगळी, डोक्यावर मोळी. “आता तुमी गार्ड नाय. चुलीला लागंल.”
घेतली. सागाखालची की ऐनाखालची, विचारलं नाही.