दोन किलोचं डंबेल

आई, काल मी साठ किलो उचललं. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "साठ किलो काय? गहू?" लोखंड गं. जमिनीवर एक दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना चकत्या अडकवलेल्या असतात, गुडघ्यांत वाकून तो धरायचा आणि सरळ उभं राहायचं, बस. मी उभा राहिलो तेव्हा शेजारी खुर्चीवरून उठाबशा करणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. एकाहत्तर वर्षांच्या आहेत, पलीकडच्या गल्लीत राहतात, सलवार-कमीजवर कॅनव्हासचे बूट घालून येतात आणि व्यायामापेक्षा गप्पाच जास्त मारतात. "वाह भाईसाहब, आज तो कमाल कर दिया!" म्हणाल्या. मी टॉवेलने तोंड पुसायला घेतलं ते बराच वेळ पुसतच राहिलो. घाम फारसा नव्हता. मी आता बासष्टचा आहे, तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि त्या बाईंना पाहिलं की मला अजून तुझा राग येतो, एवढी घाई का केलीस म्हणून. मग आठवतं की घाई तू केली नव्हतीस.

म्हातारपणी हे खूळ कुठून शिरलं ते आधी सांगतो. रिटायर झाल्यावर पहिल्याच गणपतीत मी पूजेला पाटावर बसलो. आरती झाली, सगळे उभे, आणि मी बसलेलाच. मांड्यांनी सरळ नकार दिला. एक हात जमिनीवर टेकला, दुसरा देव्हाऱ्याच्या कडेला लावला, तरी नाही. शेवटी तुझ्या सुनेने प्रसादाची वाटी खाली ठेवून मला हात दिला. ती हसत होती, "चला, उठा पैलवान," म्हणत होती, आणि मला मात्र घाम फुटला होता. कारण त्या क्षणी मी माझ्या जागी तुला पाहिलं होतं, स्वयंपाकघरात, मेथीच्या काड्यांच्या ढिगाजवळ. त्याच आठवड्यात मी साकेत नगरात, हॉस्पिटलच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानाच्या वरच्या जिममध्ये नाव घातलं.

पैलवान ही पदवी जुनी आहे, तुझ्यासमोरच मिळालेली. आपण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी विशीतला, सायकल मारत अशोका गार्डनला एका पत्र्याच्या शेडमधल्या जिमला जायचो. तिथल्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझे दंड दोन बोटांत धरून पाहिले आणि म्हणाले, "मियाँ, रोज के छह अंडे, वरना घर बैठो." हे मी तुला भीत भीत सांगितलं. आपल्या घरात तोवर अंडं आलं नव्हतं.  तिसऱ्या दिवशी गॅलरीत एक जुना रॉकेलचा स्टोव्ह, एक वेगळं पातेलं आणि एक वेगळा झारा मांडलेला दिसला. नाकाला पदर लावून तू सहा अंडी उकडत होतीस. सोलूनही तूच द्यायचीस, कारण मी सोललं की निम्मं पांढरं टरफलाबरोबर जायचं आणि ते तुला बघवायचं नाही. टरफलं कढीपत्त्याच्या कुंडीत जायची. चार वर्षं तू हे केलंस, एकदाही चव घेतली नाहीस आणि मला कधी ऐकवलंही नाहीस. जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेच्या दिवशी मी अंगाला तेल चोपडून चड्डीवर मंचावर उभा राहिलो, तिसरा आलो, आणि घरी येऊन पदक तुझ्या हातात दिलं. तू पदकाकडे न बघता माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "आधी आंघोळ कर. तळायला काढल्यासारखा दिसतोयस."

तुझ्या ताकदीचा विषय त्या घरात कधी निघालाच नाही. एकदा तू माहेराहून, नाशिकहून आलीस ती पाटा-वरवंटा घेऊन. तुझ्या आईचा पाटा, तिच्यामागे कुणी वापरेना, म्हणून तू तो चादरीत गुंडाळून गाडीत सीटखाली ठेवून आणलास. मी हबीबगंज स्टेशनवर घ्यायला आलो होतो. गाडी पलीकडच्या फलाटावर लागली होती, पूल चढायचा होता. मी ते गाठोडं उचलायला गेलो आणि तू म्हणालीस, "राहू दे, तुझी छाती दुखतेय ना कालपासून?" दुखत होतीच, आदल्या दिवशी मी बेंच प्रेस जरा जास्तच मारला होता. मी तुझी साडीची पिशवी घेतली. दगड तू काखेत मारलास आणि पूल चढून उतरलीस, मध्ये एकदाच थांबलीस, तेही मला नाशिकची द्राक्षं विसरल्याचं सांगायला. मी, जिल्ह्यात तिसरा, पिशवी घेऊन मागून येत होतो. आणि आई, खरं सांगतो, त्यात काही विचित्र आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. शरीर मी कमावत होतो. तुझं ते फक्त काम होतं.

मागच्या महिन्यात मी तो पाटा गच्चीवरून खाली आणला. वजनकाट्यावर ठेवला. एकवीस किलो. तू रोज सकाळी भिंतीला उभा केलेला पाटा आडवा करायचीस, वाटण वाटायचीस, धुवायचीस आणि पुन्हा उभा करायचीस. शिवाय विळीवर बसणं-उठणं, पाण्याच्या कळश्या, पावसाळा संपला की गाद्या उन्हात टाकणं. आमच्या जिममध्ये व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम याच गोष्टी नावं बदलून करून घेतात आणि भिंतीवर तक्ता लावतात.

मग मी चांगला मुलगा झालो. नोकरीत स्थिरावलो, साकेत नगरचा फ्लॅट घेतला, तोपर्यंत व्यायाम सुटला होता, ढेरी सुटली होती, आणि बाबा गेल्यावर तुला सुखात ठेवायचं मी मनावर घेतलं. मिक्सर आणला, पाटा गच्चीवर गेला, त्यावर कुंड्या बसल्या. विळीच्या जागी ओट्यावर सुरी आली. कपड्यांना मशीन, भांड्यांना बाई. तू बादली उचललीस की मी धावत यायचो, "आई, ठेव ती, तू बस." तुझी सूनही तशीच, "आई, तुम्ही बसा." भाजीची पिशवी हातातून घ्यायची, दळणाचा डबा हातातून घ्यायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, मुलगा असावा तर असा, आणि मला ते आवडायचं. तू सुरुवातीला कुरकुरलीस. "अरे, हात बांधून ठेवलेत का माझे?" मग कुरकुरणंही कमी झालं. ज्या माणसाला स्नायू कशाने वाढतात आणि कशाने झडतात हे पाठ होतं, ज्याने चार वर्षं टेपने स्वतःचे दंड मोजले, त्याला आपल्या आईच्या अंगातही स्नायू आहेत हे कधी सुचलं नाही. तू चहात टोस्ट बुडवून खायचीस, दुपारी वाटीभर वरण-भात, आणि मी म्हणायचो, या वयात हलकंच बरं.

तू बहात्तरची असशील. रविवार होता. मी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. माझी जुनी वजनं तिथेच कोपऱ्यात होती, कूलरच्या मागे, पोत्याखाली झाकलेली. त्या सकाळी तुझ्या हातून कुकर निसटला होता, भरलेला, ओट्यावरच कलंडला, कुणाला लागलं नाही. तू पदराला हात पुसत बाहेर आलीस आणि म्हणालीस, "अरे, तुझ्या त्या वजनांतलं एखादं हलकं दे ना मला. दंडात काही राहिलं नाही बघ." आणि हात पुढे केलास. बांगडी कोपरापर्यंत घसरली होती. मी मोठ्याने हसलो. आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आई आता स्पर्धेत उतरणार! अंडी उकडायला घ्या!" सगळे हसले. तूही हसलीस, आणि हात मागे घेतलास. त्यानंतर हा किस्सा मी कुठे कुठे सांगितला याला गणती नाही. लग्नांत सांगितला, नाशिकला तुझ्या भावाकडे सांगितला. तुझ्या तेराव्याला जेवणं झाल्यावरही सांगितला, तू किती मिश्कील होतीस हे लोकांना कळावं म्हणून.

मेथीचा दिवस त्यानंतर वर्षभरातला. तुझी सून माहेरी इंदूरला गेली होती. मी ऑफिसातून आलो, बेल वाजवली, तू दार उघडेनास, माझ्या किल्लीने उघडलं. तू स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला पाठ टेकून बसलेली. समोर मेथी निवडलेली, पानं एकीकडे, काड्या एकीकडे. पडली नव्हतीस, लागलं नव्हतं. दुपारी जेवण झाल्यावर जुन्या सवयीने खाली बसलीस आणि उठता आलं नाही, एवढंच. चार तास. फोन ओट्यावर होता. "बसले होते निवांत," म्हणालीस. मेथी दोनदा निवडलेली होती, हे पानं बघून कळत होतं. साडी ओली होती आणि तू ती मेथीच्या टोपलीने झाकली होतीस. आणि मी काय केलं असेल? रागावलो. "किती वेळा सांगितलं खाली बसू नकोस म्हणून? ऐकायचंच नाही का?" तू म्हणालीस, "चुकलं रे." तुला काखेत धरून उठवताना माझीच कंबर धरली, दोनदा प्रयत्न करावा लागला. दुसऱ्या दिवशी मी उंच खुर्ची आणली, खालचे डबे वर ठेवले आणि तुझं जमिनीवर बसणं कायमचं बंद केलं. मग खुर्चीतून पलंग, पलंगावरून पलंगच. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मीही म्हणालो, वय आहे. शेवटी न्यूमोनिया झाला, खोकायलाही अंगात जोर उरला नव्हता. तू गेलीस तेव्हा तुला उचलायला आम्हा चौघांना काहीच लागलं नाही.

हे सगळं मी इतकी वर्षं म्हातारपणाच्या नावावर टाकून निवांत होतो. जिमला लागून तीनेक महिने झाले असतील. त्या एकाहत्तरच्या बाई खुर्चीवरून हात न लावता उठत होत्या, दहा वेळा, हातात दोन छोटी डंबेल घेऊन. मी मॅडमना सहज म्हटलं, यांची तब्येत मुळातच दणकट दिसते. मॅडम हसल्या. "अरे नहीं अंकल, बेटी पकड़ के लाई थी. सीढ़ी नहीं चढ़ पाती थीं, उठाने को दो लोग लगते थे. छह-सात महीने की मेहनत है ये." मी विचारलं, या वयात बनतं? "बनता है ना. धीरे बनता है, पर बनता है. सत्तर में भी, अस्सी में भी. बस थोड़ा-थोड़ा उठाना पड़ता है, और दाल-पनीर ढंग से खाना पड़ता है." त्या एवढं सहज बोलल्या आणि दुसऱ्या कुणाचा पट्टा बांधायला गेल्या. मी खाली उतरलो आणि औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. दुकानदाराने विचारलं, "चक्कर आ रहा है क्या?" मी हो म्हटलं. त्याने पाणी दिलं.

हे मी मॅडमनी दिलेल्या आहाराच्या तक्त्याच्या पाठीमागे लिहितोय. पुढच्या बाजूला 'अंडी चार' असं छापलंय. आता ती मीच उकडतो, सोलताना निम्मं पांढरं अजूनही जातं. तुझ्या सुनेने मघाशी विचारलं, काय लिहिताय एवढं, तर म्हटलं, तक्ता भरतोय. कागद संपत आला. घडी करून पाट्याच्या मागे सरकवून ठेवीन, पाटा आता स्वयंपाकघरात भिंतीला उभा असतो. रोज सकाळी मी तो आडवा करतो, पुन्हा उभा करतो, वाटण काही वाटत नाही.

एक राहिलंय. तो किस्सा मी आता सांगत नाही, पण तेवढ्याने भागत नाही. तू थट्टा करत नव्हतीस, आई, हे मला त्याच वेळी कळलं होतं. तुझा हात पाहिला होता मी. दोन किलोचं डंबेल होतं, कुठे आहे तेही माहीत होतं. पण ते काढायचं तर कूलर सरकवावा लागला असता, आणि त्यासाठी खुर्चीतून उठावं लागलं असतं. मला उठायचा कंटाळा आला. म्हणून हसलो.