पाया पास झाला

ता. ९, गुरुवार

चि. थोरल्यास आशीर्वाद.

नाही, पायाचा खड्डा मी बुजवलेला नाही. बुजवायचा कशाला? जो येतो तो आधी तिथं वाकून बघतो, मग माझ्यापुढं बसून उसासे टाकतो. मी चहा देते आणि वाटेला लावते. तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो आधीही दुखतच होता.

काल तपासणीचे साहेब परत आले. कड ढासळून तुझे बाबा गेले, त्या दिवशी हे साहेब गर्दी बघून फाटकातूनच मागं फिरले होते. आता गवंड्यानं पडलेली माती उपसून दोन्ही बाजूंना फळ्यांचे टेकू दिलेत. साहेबांनी टेप सोडली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "खोली बरोबर आहे." मग माझ्याकडं लक्ष गेलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

मी म्हटलं, "बरोबर असणारच. माणूस मावला त्यात."

त्यांनी घाईघाईनं सही केली. पाया पास झाला. सोमवारी काँक्रीट.

तुझी बायको फोनवर रडत विचारत होती, टेकू लागायच्या आधी बाबा खाली उतरलेच कशाला. शेजारच्या टाकीचं पाणी वाहून कड भिजली होती, थोडी माती आत पडली होती, एवढंच. गवंडी बजावून गेला होता, की तो फळ्या घेऊन येईपर्यंत कुणी उतरायचं नाही. मी तिला सांगितलं, ह्यांना कुठं कचरा पडलेला बघवत नसे. तिला पटलं. शेजारीण विचारत होती, त्या दिवशी सकाळी कुणाचा फोन आला होता. म्हटलं, मी मागं धुणं धूत होते, मला काय ठाऊक.

धूतच होते. पण ह्यांना ऐकू कमी यायचं. फोनमधला आवाज सगळ्या घरभर जायचा, हे तू विसरलास.

"बाबा, ती माती आधी काढून टाका. साहेब नापास करून गेले तर पुन्हा नंबर कधी लागेल कोण जाणे. गवंड्याची कसली वाट बघताय?"

हे लगेच घमेलं घेऊन निघाले. चहा तसाच राहिला.

घाई तुला एकट्याला नव्हती. नव्या घरात खिडकीशी खाट टाकायची, असं हे रोज म्हणत. खिडकी झाली का, असं मी चिडवायची.

जागा विकून टाकू, असं तू लिहिलंस. का, ते लिहिलं नाहीस. विकायची नाही. घर होईल आणि तू त्यात राहशील. खिडकीशी खाट मी टाकून घेईन.

बायकोला सांगायचं असेल तर तुझं तू सांग. मला कुणीही विचारलं तरी मी मागं धुणं धूत होते. याच्यापुढं मी काही बोलणार नाही. तूही विचारू नकोस.

तुझी आई