दसऱ्याच्या मानाच्या बंदुकीस भैरूचा संच बसवू नये

दि. २६ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
ग्रामदैवत उत्सव कार्यालय, चाकण.

विषय : सलामीच्या ठासणीच्या बंदुकीसाठी घोडा-चापाच्या संचाची फेरनिवड होणेबाबत.
संदर्भ : आपल्या समक्ष झालेली चाचणी.

महोदय,

रविवार, दि. २१ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी देवळामागील मैदानात दोन संचांची प्रत्येकी वीस वेळा चाचणी झाली. श्री. भैरू मांडेकर यांच्या संचाने वीसही वेळा ठिणगी पाडली. अर्जदाराच्या संचाने अकरा वेळा. त्यावरून दसऱ्याची सलामी श्री. भैरू यांच्या संचावर देण्याचे आपण जाहीर केले.

अर्जदार तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक असून बावीस वर्षे या बंदुकीची देखभाल त्याच्याकडे आहे. जुना संच झिजल्याने यंदा नवा निवडणे भाग पडले. श्री. भैरू हे कंपनीच्या टूलरूममध्ये अर्जदाराच्या हाताखाली होते; कानस कशी धरावी हे अर्जदारानेच त्यांस शिकवले.

अर्जदाराच्या संचाचा प्रत्येक भाग रेखाटनाबरहुकूम आहे. टूलरूमच्या शिस्तीप्रमाणे सर्व धारदार कडा कानशीने घासून मोडल्या होत्या. चकमकीच्या गारेची धारही सहाणेवर बोथट केली होती. त्यावर श्री. भैरू सर्वांदेखत म्हणाले, "सर, गारेची धारच घालवली व्हय? आता ठिणगी कुठनं पडायची?" मंडळी हसली. स्वतः श्री. भैरू यांच्या संचातील घोडा उडवणारी कमान मात्र ट्रकच्या भंगारातली असून तिच्यावर हातोड्याचे घाव नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

याहून क्लेशदायक बाब अशी, की चाचणी पाहून चाकणहून पिंपळे सौदागरला पोहोचेपर्यंत अर्जदाराच्या पत्नी सौ. शुभदा यांनी "भैरूभावजींच्या हाताला काय गुण आहे हो!" असे तीनदा म्हटले. अर्जदाराने स्वतःविषयी हे वाक्य बावीस वर्षांत एकदाही ऐकलेले नाही.

सबब श्री. भैरू यांचा संच बाद करावा. ते न जमल्यास सलामीच्या वेळी सौ. शुभदा यांची बसण्याची व्यवस्था मैदानाच्या दूरच्या टोकास करावी.

विनंतीच्या पुष्ट्यर्थ, खोट काढण्याच्या हेतूने, अर्जदाराने तो संच मागून आणला. "न्या की सर, तुमचंच शिकवलेलं हाय," असे म्हणून श्री. भैरू यांनी तो तत्काळ दिला. अर्जदाराने दारूविना शंभर वेळा घोडा पाडून प्रत्येक वेळेची नोंद केली. नोंदीत फेरफार करणे अर्जदारास कोणी शिकवलेले नसल्याने ती जशीच्या तशी जोडली आहे.

आपला नम्र, परंतु निकालाशी असहमत,
शरच्चंद्र गद्रे
पिंपळे सौदागर

सोबत :
१. अर्जदाराच्या संचाचे रेखाटन
२. पदविकेची साक्षांकित प्रत
३. श्री. भैरू यांच्या संचाचे नोंदपत्रक : घोडा पाडला १००, ठिणगी पडली १००.