गावाला गेलेली कालवड

मी, खाली सही करणारी, शहराच्या वेशीवरच्या शेताची मालकीण आणि इथं सहलीला येणाऱ्या शाळेच्या मुलांची 'गोठ्यावरची आजी', माझ्यामागे काय कोणाचं ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. काळीज तेवढं नादुरुस्त आहे, ते उद्या सकाळी डॉक्टर उघडणार आहेत. मी कोणाच्या दबावाखाली नाही. दबाव टाकणारा बाहेर आहे आणि कडी मी आतून लावली आहे.

बाहेर माझा मुलगा जमिनीच्या दलालाला घेऊन उभा आहे. ऑपरेशनआधी मी विक्रीच्या कागदावर सही करावी, असा त्याचा हट्ट. म्हणून मी चाऱ्याच्या खोलीत बसून लिहिते आहे. समोर गुरांचा डॉक्टर आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर साक्षीला आहेत.

कलम पहिलं. शेत, गोठा, विहीर आणि सगळी जनावरं माझ्या सुनेला. शाळेची बस येते आहे तोवर यातलं काहीही विकायचं नाही.

कारणही लिहिते, नाहीतर म्हातारीची मती फिरली म्हणतील. टिकली नावाची कालवड होती. शहरातली एक मुलगी तिला बाटलीनं दूध पाजून गेली होती. पुढच्या खेपेला मुलगी आली तेव्हा टिकली पोटफुगीनं मेलेली. माझ्या मुलानं तिला सांगितलं, "टिकली मामाच्या गावाला गेलीय." बस सुटायची वेळ झाली तरी पोरगी गव्हाणीखाली वाकून शोधतच होती. शेवटी सुनेनं तिचा हात धरला, बांधावर पुरलेली जागा दाखवली आणि खरं ते सांगितलं. पोरगी हमसून रडली, मग म्हणाली, "तिला दुखलं का?" सून म्हणाली, "हो गं. पण मी तिच्यापाशी बसले होते."

शाळेतून तक्रार आली. मुलगा बायकोवर उखडला. म्हणाला, "पोरं इथं मजा करायला येतात, रडायला नाही." तेव्हापासून तो शेत विकायच्या मागे आहे.

कलम दुसरं. राहतं घर आणि माझी बचत मुलाला. त्याला पोरांचं रडणं बघवत नाही. मन हळवं आहे, आणि त्याच्यावर माझा जीव आहे. पण गोठा खोट्यावर चालत नाही.

दार वाजतं आहे. "आई, उघड ना! लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे तो एक दलाल. ड्रायव्हर म्हणतो, "आजी, आटपा, कडी निघेल." निघू दे, सही होईपर्यंत तगली म्हणजे झालं.

कलम तिसरं. माझा विळा गुरांच्या डॉक्टरला. त्याचा डोळा त्यावर कधीपासून आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी 'वास जरा कमी करता येईल का' असं विचारलं होतं, त्यांना ताज्या शेणाची एक पाटी, घरपोच.

कलम चौथं. रीत मोडायची नाही. आल्याआल्या पोरांनी गाईपुढे रिकामा हात धरून उभं राहायचं. आधी ती हुंगेल, मग हात लावायचा. शेण काढल्याशिवाय कोणालाही धार काढायला द्यायची नाही.

कलम पाचवं. उद्या शाळेची बस यायची आहे. मुलगा ती रद्द करा म्हणतो. रद्द करायची नाही.

हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाहेरची धडधड थांबली. दलालाची गाडी गेल्याचा आवाज आला. मग दाराला तोंड लावून मुलगा म्हणाला, "आई, तू परत नाही आलीस तर पोरांना काय सांगायचं गं?"

मला भीती वाटते आहे. हेही लिहून ठेवते.

कलम सहावं. मी परत आले नाही, तर पोरांना माझ्या मुलानंच सांगायचं. आजी गावाला गेली म्हणायचं नाही. आजी मेली, असं सांगायचं. त्याला रडू आलं तर पोरांसमोर रडावं. त्यानंतर सुनेनं गोठ्याची दुसरी किल्ली त्याला द्यावी, आणि पोरांच्या हातात बादल्या. धारेची वेळ टळता कामा नये.

सही : गोठ्यावरची आजी
साक्षीदार : गुरांचा डॉक्टर
साक्षीदार : शाळेच्या बसचा ड्रायव्हर
ठिकाण : चाऱ्याची खोली
दिनांक : ऑपरेशनच्या आदली संध्याकाळ

कडी काढल्यावर मुलानंही खाली सही केली. गुरांचा डॉक्टर म्हणतो, वारसाची साक्ष चालत नाही. न चालो, मला ती हवी आहे.