आईचं माहेरचं ताट

डिंडोली, सुरत
१९ जानेवारी १९९६

प्रिय कुंदनदादा,

हर्षदाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. थंडीनं आईचे गुडघे कुरकुरतात, पण खाणावळ एक दिवस बंद नाही. वांगी स्वस्त झालीत, त्यामुळे कापडाच्या लूमवरून जेवायला येणारे मेंबर रोज भरीत मागतात आणि आई रोज बडबडत भाजते.

तू नाशिकहून पाठवलेली पुस्तकं पोचली. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या जुन्या कादंबऱ्या. मनात म्हटलं, दादाला साडी पाठवायला काय झालं होतं? पण त्यांतल्या एका धुणेवालीची गोष्ट हातात घेतली आणि खाली ठेववेना. हॉटेलात गोऱ्यांच्या टेबलांवरची कापडं ती धुते, आणि तिला जेवण मागच्या पायरीवर, पत्र्याच्या वेगळ्या थाळीत. लिहिणाऱ्यानं कुठे रडगाणं लावलेलं नाही. साधं सांगत जातो आणि आपण तेच पान पुन्हा वाचतो. इतक्या जुन्या काळी कुणी हे असं लिहून ठेवलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

दुपारी मेंबर जेवून गेले की मी आईला वाचून दाखवू लागले. "तिना हातनं धुयेल चालस, अनि ती नही चालस?" म्हणत तिनं त्या हॉटेलवाल्याला अस्सल अहिराणी शिव्या घातल्या. मराठी म्हणून आपल्याला सोसायटीत खोली नाकारली होती, तेही तिला आठवलं. धुणेवालीवर इतकी खूश, की चहा ठेवायच्या आधीच 'पुढे काय झालं' विचारी.

मग ते प्रकरण आलं. धुणेवाली भरलेली थाळी तशीच पायरीवर ठेवते आणि निघून जाते. आई पीठ मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

दादा, हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. आपल्या घरातल्या प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं आहे. तू लग्न करून पल्लवीवहिनीला घरी आणलंस, तेव्हा तिची जात कळल्यावर आईनं तिला बिननावाचं ताट वाढलं. नंतर वेगळं काढता यावं म्हणून. वहिनीनं सगळ्यांच्या ताटांकडे पाहिलं आणि न जेवता उठली. तेव्हापासून तुम्ही आला नाहीत.

"हाई गाव सुरतथीन कितलं दूर शे?" आईनं पुस्तकाकडे बोट दाखवून विचारलं. मी पुस्तक मिटलं.

परवा भांड्यांवर नावं घालणारा गल्लीत आला. ज्या माहेरच्या ताटाला ती कुणाला हात लावू देत नाही, ते तिनं बाहेर काढलं आणि स्वतःच्या नावाखाली वहिनीचं नाव घालून घेतलं. बिननावाच्या ताटात आता आई स्वतः जेवते.

मेंबरांतल्या उखानं ताटावरचं नाव वाचून विचारलं, "मावशी, हाई पल्लवी कोन?"

"मनी सून शे. जेवानं व्हई ते जेव, नही ते ऊठ."

उखा जेवला. जुने मेंबर लोटूकाका मात्र वहिनीच्या जातीवरून दुसऱ्या खाणावळीत गेले. जाऊ देत. मला धुणेवाली आवडली, पण आईचा जास्त अभिमान वाटतो. या वयात स्वतःला खोडून काढणं सोपं नसतं.

वहिनीनं यावंच, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तू तिला हे पत्र वाचायला दे, एवढंच.

आई शेजारीच बसलीय. विचार म्हणते, सूनबाईला भरीत किती तिखट लागतं. त्या दिवशी विचारलंच नव्हतं.

तुझी आणि तिचीही,
हर्षदा