ओढ्याकडची वाट

दादा, तुमची पणती नऊ वर्षांची झाली आणि पोळी गोल लाटते. माझी अजून होत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. डबा उघडून तुम्ही म्हणायचात, आज कुठल्या जिल्ह्याचा नकाशा आणलास? ही मात्र लाटून झाली की वर ताटली उपडी घालून बघते, कड कुठे बाहेर येते का. इथे सिंगापुरात, मरीन परेडला बाराव्या मजल्यावर राहतो आम्ही, आणि भेटेल त्याला मी तिचं कौतुक सांगत सुटते. सांगत सुटायची खोड माझी जुनीच. त्या खोडीपायीच आज, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी, लिहायला बसले आहे. अक्षर चौथीतलंच आहे, समजून घ्या.

तुमची नात, म्हणजे माझी लेक, चांगी बिझनेस पार्कात एका परदेशी कंपनीत आहे. ती कंपनी इथे आली ती इथे कर कमी म्हणून. आता म्हणे पुष्कळ देशांनी मिळून ठरवलं, कंपनीने कुठे कमी कर भरला तर उरलेला दुसरा देश वसूल करणार. मग इथे राहून तिचा फायदा काय? म्हणून अर्धं ऑफिस हलवायचं चाललंय. लेक हे जेवताना समजावत होती, आईला काय कळणार अशा चेहऱ्याने. मला पहिल्या घासाला कळलं. डोळ्यांपुढे आपला जकात नाका उभा राहिला.

नगरपालिकेने गुळावरची जकात वाढवली ते वर्ष. तुम्ही नाक्यावर कारकून, मी दुपारी तुमचा डबा घेऊन येते आहे. रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या टोकाला बांधलेला दगड, आणि तुमच्या खुर्चीखाली झोपलेलं ते लंगडं कुत्रं. त्याला मी पोळीचा तुकडा टाकायची, आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं करायचात. गुळाच्या गाड्या हळूहळू यायच्या थांबल्या. अडत्यांनी पलीकडच्या गावात बाजार भरवला, आपल्या पेठेतले हमाल पायरीवर बसून राहिले. आईने विचारलं, जकात वाढली तर हमालांचं काय बिघडलं? तुम्ही म्हणालात, "बांबू आपण टाकतो गं, पण गाडी कुठे वळवायची ते गाडीवान ठरवतो." हे मी लेकीला सांगितलं तर ती हसली, कितीतरी दिवसांनी. म्हणाली, आमच्या साहेबापेक्षा आजोबांनी सोपं करून सांगितलं.

पण हसून काय होतंय. तिची नोकरी गेली की तिचा इथे राहायचा पास जातो, आणि जावयांचा, नातीचा, माझा, सगळ्यांचे पास तिच्याच पासाला बांधलेले. नातीची शाळा, मैत्रिणी, सगळं इथलं. म्हणून लेकीने गुपचूप रॅफल्स प्लेसला एका बँकेत मुलाखत दिली. मला बजावलं, आई, खाली कोणाजवळ बोलू नकोस. माझी नात भाजी चिवडत इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी कान्ट कीप सीक्रेट ला." मी तिला दटावलं.

संध्याकाळी खाली पोहण्याच्या तलावाभोवती मी चालते. बरोबर पुण्याच्या एक आजी असतात. गुडघ्याला तेल कुठलं लावायचं इथपासून आमचं सगळं बोलणं होतं. त्यांचा मुलगाच माझ्या लेकीचा साहेब. मला माहीत होतं, दादा, तरीसुद्धा. त्या म्हणाल्या, कोणाला ठेवायचं त्या यादीपायी मुलाच्या पोटात अन्न जात नाही. मला त्यांची दया आली. म्हटलं, आमच्या लेकीची तरी काळजी करू नका म्हणावं, ती दुसरीकडे बघतेय, मुलाखत झकास झाली. वर तिला शाळेत मिळालेली बक्षिसंही मोजून दाखवली.

परवा साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, "तू जाणारच असशील तर तुझं नाव मी कशासाठी धरून ठेवू?" बँकेकडून अजून काही कळलेलं नाही. यादी शुक्रवारी वर जाते. आज बुधवार. त्या संध्याकाळी लेक घरी आली, चपला काढायच्या आधी दारातच म्हणाली, "आई, त्याला कसं कळलं असेल गं?"

मी म्हटलं, चहा टाकते.

दादा, तुम्हीही एकदा असंच विचारलं होतंत. गुळाच्या काही गाड्या ओढ्यातून नाका चुकवून पेठेत शिरताना सापडल्या, आणि तुमच्या साहेबांनी तुमची बदली लांबच्या नाक्यावर केली. रोज सायकल मारून तुमच्या पिंढऱ्या सुजायच्या, आई गरम पाण्याने शेकायची. त्या दिवशी टोपी खुंटीला लावत तुम्ही सगळ्यांना मिळून विचारलंत, ओढ्याकडची वाट त्या गाडीवानाला दाखवली कोणी? मी चुलीपाशी खाली मान घालून बसले होते. त्याने नुसतं विचारलं होतं, पोरी, तू घरून डबा घेऊन कुठून येतेस? आणि मी, आपल्याला एवढं माहीत आहे या आनंदात, पार ओढ्यापर्यंत चालत जाऊन दाखवलं. त्याने गुळाचा खडा दिला. तो मी नाक्यावर येईपर्यंत संपवला.

हे पत्र कणकेच्या डब्याखाली ठेवते आहे. लेक तिकडे कधी हात घालत नाही. चहा दोघींनी घेतला, तिने दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा साखर पुढे केली.